साध्या सायकलच्या नादी लागू नका

परवा ऑफिसमधला एकजण म्हणाला, टेकडीवर चालवायला माउंटन बाइक घेतोय, साधीच बघतोय, मागे एकच गियर, पुढे शॉकबिक काही नाही, काय वाटतं तुला? मी त्याला आधी खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि हळूच विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. माणूस उगाच इतक्या टोकाला जात नाही.

तुमच्याही डोक्यात असलं काही घोळत असेल तर वेळीच सांगतो, आवरा. साध्या सायकलचा सगळ्यात मोठा तोटा म्हणजे ती कायम तयार असते. जिन्याखाली भिंतीला टेकवलेली, अंगठ्याने टायर दाबला, हवा आहे, निघा. आता रविवारी पहाटे साडेपाचला अलार्म वाजलाय, बाहेर गारठा आहे, पांघरूण सोडवत नाही आणि तुमच्याकडे सांगायला कारणच नाही, कसं व्हायचं? तेच जरा बरी, दोन लाखांच्या पुढची, पुढे मागे दोन्हीकडे शॉक असलेली घ्या आणि बघा आयुष्य किती सुटसुटीत होतं. फोर्कला, म्हणजे पुढच्या शॉकला, 50 तास झालेत, सर्व्हिसशिवाय चालवायचा नाही असं पुस्तकात लिहिलंय. टायरमधलं सीलंट, ते भोक आपोआप बुजवणारं द्रव, वाळलंय, पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये वाळणारच. मागचा ब्रेक स्पंजासारखा दबतोय, तेल बदलायला हवं, आणि ते दुकानात मिळतं ते तेल नाही, दुसरं. गियरची बॅटरी रात्री चार्जिंगला लावायची राहिली. हो, गियरची बॅटरी. आमच्या वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि परत वर धरला.

वडील त्यांच्या काळात बावीस इंची सायकलवर मित्राला डबलसीट घेऊन खडकवासल्याला पोहायला जायचे, दांड्यांचे ब्रेक, पावसात तर ते ब्रेक म्हणजे नुसती विनंती, आणि परत येताना चढावर मित्र उतरून ढकलायचा. ते याला मजा म्हणतात. त्यांना बिचाऱ्यांना माहितीच नव्हतं की त्यांच्या सायकलच्या हेड अँगलमध्ये, म्हणजे हँडलखालच्या नळीच्या तिरकेपणात, किती सुधारणेला वाव होता.

बरं, ही चूक फक्त आपल्याकडचीच नाही. कॅलिफोर्नियात मरिन काउंटी म्हणून भाग आहे, तिथं 1970 च्या दशकात काही दाढीवाल्या पोरांनी हाच गाढवपणा केला. 1930-40 च्या काळातल्या जाड टायरच्या जुन्या श्विन कंपनीच्या सायकली भंगाराच्या भावात उचलायच्या, मडगार्ड, कॅरियर, जे निघेल ते काढून फेकायचं आणि उरलेला खटारा डोंगरावर नेऊन खाली सोडायचा. गियर बहुतेकांना एकच. ब्रेक म्हणजे पायडल उलटं मारलं की मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, लागतो तो. 21 ऑक्टोबर 1976 ला त्यांनी रीतसर शर्यतच लावली, दोन मैलांच्या आसपास कच्चा रस्ता आणि त्यात साधारण 1300 फूट उतार. खाली पोहोचेपर्यंत हबमधलं ग्रीस तापून जळून धूर निघायचा आणि पुढच्या वेळेआधी हब खोलून परत ग्रीस भरावं लागायचं, म्हणून त्या रस्त्याचं नावच रीपॅक पडलं. त्यांच्यातल्या गॅरी फिशरने तो उतार 4 मिनिटं 22 सेकंदांत मारला, तो तिथला विक्रम. आता विचार करा, सस्पेन्शन नाही, सीट खालीवर करायचं बटण नाही, तरी माणसं परत परत वर जायची. कुणीतरी त्यांना थांबवायला पाहिजे होतं.

सुदैवाने पुढे त्यांच्यातूनच धंदा उभा राहिला आणि सगळं मार्गी लागलं. 1977 मध्ये जो ब्रीझ नावाच्या पोराने डोंगरासाठी म्हणून खास फ्रेम बनवली, 1981 मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजम्पर दुकानात आली, मग शॉक आले, पुढे तीन चकत्या मागे सात, झाले 21 गियर, आणि आपल्याकडे तर 21 हा आकडा फ्रेमवर इतका ठळक छापायचे की सायकलचं नावच तेवढं वाटायचं. आठवतंय का, सोसायटीत एखाद्याकडे 21 गियरची आली की पोरं जमायची, आणि तो मालक आयुष्यभर मधल्याच एका गियरवर चालवायचा, बाकीचे वीस गंजून जायचे. मग 2012 मध्ये गियर बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने शोध लावला की पुढे एकच चकती पुरते. एकच! पुढच्या दोन काढल्या, त्या डाव्या हाताचं बटण काढलं, एक केबल काढली, आणि या सगळ्या काढाकाढीचे वर जास्त पैसे घेतले. मागची सगळ्यात मोठी चकती आता 52 दात्यांपर्यंत गेलीय, भाकरी थापता येईल एवढी. मागच्या चाकाच्या हबची रुंदी आधी 135 मिलिमीटर, मग 142, मग 148, म्हणजे दर काही वर्षांनी आपली मजा बरोबर सहा-सात मिलिमीटरने वाढत असते आणि जुनं चाक नव्या फ्रेममध्ये काही केल्या बसत नसतं. याला प्रगती म्हणतात. साधी सायकल घेणाऱ्याला यातलं काही अनुभवायलाच मिळत नाही, त्याचं चाक वीस वर्षांनीही पेठेतल्या कुठल्याही दुकानात आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून मिळतं, छर्रे, कोन, ग्रीस, दीडशे-दोनशे रुपयांत मोकळा. केवढं एकटं वाटत असेल त्याला.

एकाच गियरचं गणित पण ऐकून ठेवा म्हणजे घाबरायला बरं. 29 इंची चाक एका फेऱ्यात साधारण 2.3 मीटर जातं. पुढे 32 दाते मागे 18 ठेवलेत तर पायडलच्या एका फेऱ्यात झाले चारेक मीटर. बास. सपाटीला सिग्नलपासून जोर लावलात तर ताशी वीस-बावीसच्या वर गेलं की पाय मिक्सरसारखे फिरायला लागतात आणि दूधवाला पण पुढे निघून जातो. चढाला याच्या उलट. बसून जमत नाही, उभं राहून सगळं वजन एकेका पायडलवर टाकावं लागतं, हँडल ओढावं लागतं, आणि गियर बदलू का नको, आत्ता का त्या दगडानंतर, असले सगळे विचार एकदम बंद पडतात. डोकं रिकामं होतं. आजच्या काळात ही किती घातक गोष्ट आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. आणि नाहीच चढली तर उतरून ढकलायची, तर ते ढकलणं पण असं लक्षात येतं की बारा गियरवाला शेजारून सगळ्यात हलक्या गियरवर पाय भिरभिरवत साधारण तुमच्या चालण्याच्याच वेगाने वर चाललाय. दोघं बोलत बोलत वर जाता. त्याला बोलवत नसतं, एवढाच फरक.

आता शॉकबद्दल. पुढे साधा लोखंडी फोर्क असला तर प्रत्येक दगड हाताला कळतो, मग तुम्ही दगड बघायला लागता, मग वाट निवडायला लागता, कोपर ढिलं ठेवायला शिकता, आणि काही महिन्यांत चक्क सायकल चालवता यायला लागते. हे टाळायचं असेल तर 150 मिलिमीटर दबणारा फोर्क घ्या आणि दगडांवरून डोळे मिटून जा. वर त्याला हवा भरायला वेगळा बारका पंप लागतो, तो घरात कुठेतरी असतोच, फक्त सापडत नाही.

आणि हो, टायरची हवा कमी करून बघायचा मोह तर अजिबात करू नका. पंक्चरवाल्याने भरलीय तशी दगडासारखी टणक राहू द्या, टायरवर 65 लिहिलंय ना, मग 65. नाहीतर होतं काय, कुणीतरी सांगतं म्हणून तुम्ही सव्वादोन इंची टायरमधली हवा तीस पीएसआयच्या आसपास आणता, मध्यम वजनाच्या माणसाला ट्यूबसकट तेवढी चालते, आणि टेकडीवरच्या मुरुमावर तीच सायकल एकदम मऊ, चिकटून चालायला लागते, वळणावर घसरत नाही, हात सुन्न होत नाहीत. काही हजारांचा फरक फुकटात, व्हॉल्व्हवर नख दाबून फुस्स. मग फोर्कची जाहिरात वाचताना पहिल्यासारखं मन लागत नाही. अजून खाली नेलीत तर दगडाच्या कडेवर ट्यूब चिमटून सापाच्या दाताच्या खुणेसारखी दोन भोकं पडतात, एवढी एक जमेची बाजू आहे. बाभळीचे काटे तर आहेतच, ते साधी महागडी असा भेद करत नाहीत.

पैसे कुठे घालायचे नाहीत हेही सांगून टाकतो. टायर आणि ब्रेक. या दोनच गोष्टींनी साधी सायकल टेकडीवर खरंच चालते, म्हणून तिथं कंजुषी करा. गुळगुळीत झालेले टायर, कळकट रबरं. उरलेले पैसे बाटली अडकवायच्या कार्बनच्या स्टँडवर घाला, 20 ग्रॅम वाचतात, घरून निघताना मिसळ खाल्ली नाहीत तरी चालेल इतके.

माझं स्वतःचं सांगू का, पण हे ग्रुपवर टाकू नका. मागच्या डिसेंबरात वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूने येत होतो, घाणेरीची एक वाळकी काटकी मागच्या चाकात गेली, डिरेलरला, म्हणजे मागचे गियर बदलणाऱ्या यंत्राला, घेऊन वर गेली आणि कडकन आवाज आला. डिरेलर ज्याला लटकतो तो फ्रेमवरचा तुकडा, हँगर, तुटला, डिरेलर स्पोकमध्ये, चार स्पोक वाकडे. बारा गियरची सायकल खांद्यावर घेऊन गोखलेनगरच्या बाजूला उतरलो. खाली एक पंक्चरवाले काका, घमेल्यात कुणाच्यातरी ॲक्टिव्हाची ट्यूब बुडवून बुडबुडे बघत बसलेले. त्यांनी ट्यूब तशीच ठेवली, माझा डिरेलर हातात घेऊन उलटसुलट फिरवला, त्याची किंमत विचारली, मी खरी सांगितली, तर हसले पण नाहीत, नुसतं म्हणाले, "याच्याशिवाय चालती की सायकल. काढून टाकू का?"

मग पुढचा अर्धा तास मी कडेला उभा आणि ते काम करतायत. चेन मागच्या एका चकतीवर घातली, सैल. तिच्या शेजारच्या मोठीवर घातली, पोहोचेना. परत एक कडी कमीजास्त करून तिसरीवर बघितली, तिथं बरोबर ताणून बसली आणि पुढच्या चकतीशी जवळपास सरळ रेषेत पण आली, वाकडी असती तर चेन सारखी शेजारच्या चकतीवर चढू बघते. खिळा आणि हातोडीने एक पिन पाडली, जोडायला क्विक लिंक, ती हाताने जोडायची कडी, होतीच. स्पोक अंदाजाने ओढून चाक फ्रेमच्या मधून जाईल एवढा आऊट काढला. डिरेलर, तुटका हँगर, केबल, सगळं गुटख्याच्या जाहिरातीच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. साठ रुपये. मी शंभर दिले तर चाळीस परत केले, वर म्हणाले, "आता खराब व्हायला काय राहिलंच नाय."

प्रत्येक सायकलचा हँगर वेगळा असतो, माझ्यावाला कुठून बाहेरून यायचा होता, दुकानदार म्हणाला आठवडा, म्हणजे पाच आठवडे. ते पाच आठवडे फार वाईट गेले. रोज सकाळी जायला लागलो. कारण काहीच उरलं नव्हतं ना. टेकडीवर इतकी शांतता, चेनचा खडखडाट नाही, नुसता टायरखाली मुरूम कुरकुरतोय, एकदा वळणावर मोर एवढ्या जवळ होता की दोघंही दचकलो. मंदिराकडच्या चढाला पहिल्या दिवशी तीनदा उतरलो, महिन्याने एकदा. घरी आलो की पुसायची पण गरज नाही. बायको म्हणाली, हल्ली तू सायकलबद्दल बोलत नाहीस, सोडलीस का?

मग एकदाचा हँगर आला. लगेच बसवून घेतला, डिरेलर नवा, चेन नवी, केबल नवी, आणि जुन्या चेनने झिजल्या म्हणून चकत्याही नव्या. पहिल्याच रविवारी सातव्या गियरवरून आठव्यावर जाताना थोडं कटकट करत होतं, म्हणून त्या दिवशी गेलोच नाही, घरीच दोन तास स्क्रू पाव पाव फिरवत बसलो, गॅलरीत, सायकल उलटी करून. किती बरं वाटलं.

तर ऑफिसातल्या त्या मित्राला मी हे सगळं, म्हणजे पाच आठवड्यांचं सोडून, नीट समजावून सांगितलं. मान डोलवली त्याने. आणि तरी घेतलीच, एकाच गियरची, कुणाचीतरी जुनी, हँडलला पितळी घंटी असलेली. आज रविवार. पावणेसहा झालेत आणि तो खाली उभा राहून ती घंटी वाजवतोय, वरच्या मजल्यावरचे जागे होतील. मी गॅलरीतून खूण केलीय, पाच मिनिटं. शॉकचा पंप इथंच कुठेतरी होता.