पंखा आधी, भाषण नंतर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या ओळखीच्या एका टॉवेल कारखान्यात परवा कामगारांसाठी प्रेरणेवर व्याख्यान झालं. पडद्यावर मानसशास्त्रज्ञ मास्लोचा माणसाच्या गरजांचा पिरॅमिड: तळाला अन्नपाणी, शिखरावर आत्मविकास. ऐकायला बसलेल्या विणकरांच्या शेडमधले निम्मे पंखे मार्चपासून बंद आहेत. सोलापूरचा मे महिना कसा असतो ते वेगळं सांगायला नको. मला खरंच राग आला.

मास्लोनं गरजांची ही मांडणी १९४३ साली केली. ती वापरायची तर तळापासून वापरा ना!

मला स्वतःला दुसरा मानसशास्त्रज्ञ, हर्झबर्ग, जास्त पटतो. पिट्सबर्गमधल्या सुमारे दोनशे इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांशी बोलून त्यानं १९५९ साली मांडलं, की पगार, कामाची जागा, साहेबाची वागणूक नीट नसेल तर माणूस वैतागतो. पण ते नीट झालं म्हणून लगेच पेटून काम करत नाही. त्यासाठी कामात काही साधल्याचं समाधान, कौतुक, जबाबदारी लागते. म्हणजे पंखा, थंड पाणी, बायकांसाठी स्वच्छ संडास, तारखेला पगार हे उपकार नव्हेत. तिथून पुढे नेतृत्व सुरू होतं.

आणि तुकड्यावरची मजुरी! 'जास्त विणा, जास्त कमवा' एवढं सांगितलं की झालं, असं बऱ्याच मालकांना वाटतं. पण सूतच कच्चं आलं तर तार सारखी तुटते. विणकर माग थांबवतो, तुटलेलं टोक शोधतो, गाठ मारतो, पुन्हा माग चालू. वीसेक मिनिटांत परत तेच. संध्याकाळी नग कमी, मजुरी कमी, वर बोलणी. व्रूम या मानसशास्त्रज्ञानं १९६४ मध्ये हेच सांगितलं: कष्ट केले तर फळ मिळेल हा भरवसा नसेल, तर बक्षीस कितीही मोठं ठेवा, उपयोग नाही.

माझ्या माहितीतल्या एका कारखानदारानं सूत घेण्याआधी जुन्या विणकराला नमुना दाखवायला सुरुवात केली. तो बोटांत धरून पीळ बघतो आणि स्पष्ट सांगतो, "मालक, हे नको, चालणार नाही." मालक ऐकतो. आता त्या शेडमधली तरुण पोरंही काही बिघडलं की आपणहून येऊन सांगतात. पूर्वी गप्प बसायची.

कारखानदार मित्रांनो, सूत, वीज, बाजार यांनी तुम्हीही गांजलेले आहात, मान्य. तरी पुढचा वक्ता बोलवायच्या आधी एकदा दुपारी दोनला शेडमध्ये तासभर उभे राहा आणि विचारा, "काम कुठं अडतंय?"