पुणेरी नाक, वऱ्हाडी रॅप

आमच्या इंजिनिअरिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवडाभर वाद पेटलाय. कोणीतरी अमरावतीच्या '१००आरबीएच' या रॅपरची (सौरभ असं वाचायचं) क्लिप टाकली आणि कोथरूडहून लगेच निकाल लागला: ही कसली मराठी? अर्धी हिंदी, उरलेली गावठी. दुसऱ्यानं पोवाडा काढला. घरात पोवाडा असताना अमेरिकेचं उष्टं कशाला, म्हणे. तिसऱ्याच्या मते हे सगळं अल्गोरिदमनं गाजवलेलं, दोन वर्षांनी नावही कोणाला आठवणार नाही.

मी मूळचा अमरावतीचा. राहतो ह्यूस्टनच्या पश्चिमेला, केटीत. रोज आय-टेन महामार्गावर तासभर अडकलेला असतो, त्यामुळे भांडायला वेळ भरपूर.

आधी एक जुनी गोष्ट. २०२४ मध्ये हनुमानकाइंड या रॅपरचं 'बिग डॉग्ज' हे गाणं आलं तेव्हा याच ग्रुपवर 'आपला पोरगा बिलबोर्डवर' (अमेरिकेतली गाजलेल्या गाण्यांची यादी) म्हणून झेंडे नाचले होते. हनुमानकाइंड जन्मानं मलप्पुरमचा, लहानाचा मोठा झाला तो बराचसा आमच्या ह्यूस्टनात, बस्तान बंगळुरूला. रॅप करतो इंग्रजीत, तेही इकडच्या दक्षिणी ठसक्यात. त्याला कोणी विचारलं नाही, बाबा रे, तुझी भाषा कुठली? व्हिडिओत मौत का कुआँ दिसला, तेवढं पुरलं. इंग्रजीत बोलणारा मल्याळी आपला, आणि वऱ्हाडातल्या पोराला मात्र शुद्धलेखनाच्या तासाला बसवायचं.

रॅपमध्ये हे नाक मुरडणं जुनंच आहे. १९९५ साली न्यू यॉर्कात 'द सोर्स' मासिकाचे पुरस्कार होते. दक्षिणेतल्या अटलांटाच्या आउटकास्टला नव्या गटाचं बक्षीस जाहीर झालं आणि सभागृहानं त्यांची हुर्यो उडवली. रॅप जन्मलं ब्राँक्समध्ये, भांडण चाललेलं न्यू यॉर्क आणि लॉस एंजेलिसचं. हेल काढून बोलणाऱ्या दक्षिणेचं इथं काय काम? आउटकास्टच्या आंद्रेनं माइकवर एवढंच सांगितलं, की दक्षिणेलाही काही म्हणायचंय. त्यानंतर अमेरिकेनं काय ऐकलं ते मी सांगायला नको.

ह्यूस्टननं तर तो हेल आणखी ताणला. डीजे स्क्रू घरी बसून गाण्यांचा वेग उतरवायचा, इतका की आवाज काकवीसारखा ओघळायचा. त्यावर साउथसाइडची पोरं आपल्या गल्ल्यांची, गाड्यांची, गेलेल्या दोस्तांची नावं घेत रॅप करायची. हे सगळं करड्या कॅसेटींवर. रेडिओ नाही, मोठी कंपनी नाही. कॅसेट हवी तर त्याच्या घरासमोर गाडी लावून थांबायचं. बाकीच्यांना गाणं कळायचं ते सिग्नलला शेजारी उभ्या राहिलेल्या स्लॅबमधून, म्हणजे तिथल्या पोरांच्या सजवलेल्या गाडीतून. माणूस २००० साली, अवघ्या २९ व्या वर्षी गेला. त्याच्या रेकॉर्ड्स आज ह्यूस्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत. पोर्ट आर्थरचा रॅपर बन बी २०११ मध्ये राइस विद्यापीठात धर्म आणि हिपहॉप हा विषय शिकवत होता.

आणि आपल्याकडे? २०२३ मध्ये पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत एका पोरानं रॅपचं चित्रीकरण केलं, तर गुन्हा दाखल.

हे टाकल्यावर कोथरूडचं उत्तर दोन मिनिटांत आलं. त्या रॅपमध्ये शिव्या होत्या, चित्रीकरणाला परवानगीही नव्हती. आणि तुमच्या अटलांटात रॅपर यंग थगच्या खटल्यात रॅपच्या ओळी पुरावा म्हणून चालतील असं न्यायाधीशच म्हणाले, त्याचं काय? मी लिहिलं, अटलांटा म्हणजे ह्यूस्टन नव्हे. आउटकास्टचा दाखला मीच दिला होता हे कोणाच्या लक्षात आलं नाही, बरं झालं.

पोवाड्याबद्दल फार बोलत नाही. ज्यानं तो काढला त्यानं शाळेच्या गॅदरिंगनंतर पोवाडा ऐकला असेल असं वाटत नाही. मुंबईच्या 'स्वदेशी' गटानं आरेच्या जंगलासाठी, वारल्यांच्या बाजूनं मराठीत रॅप केला, आरेतलेच प्रकाश भोईर त्यात गायले. शाहीर तरी दुसरं काय करायचे?

पण अल्गोरिदमचा आक्षेप मला झोपू देत नाही. गाणी आधी कुठून यायची? पानठेल्यावरून, काळीपिवळीतून, कोणाच्या तरी वरातीतून. दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या शेजारी भीमगीतांच्या कॅसेटींचे ढीग असायचे आणि माणसं त्या पिशवीत घालून गावोगाव न्यायची. पुढे मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायला लागलं. स्क्रूची कॅसेट ती हीच. फरक इतकाच, की तिथं देणाऱ्याचा चेहरा दिसायचा, कॅसेट आणायला त्याच्या वस्तीत पाय ठेवावा लागायचा. रीलला उंबरठाच नाही. म्हणून कोथरूडला सोफ्यावर बसून अमरावती ऐकता येते आणि सोफ्यावरूनच तिला नापास करता येतं.

मलाही सौरभ रीलनंच दाखवला, हे ओघानं आलंच. एचईबी या सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये होतो. भाजी घ्यायची राहिली, गाडीतच बसून पुन्हा पुन्हा ऐकत होतो. त्या बोलण्याचं वळण माझं आहे, किंवा होतं. पुण्याच्या हॉस्टेलात पहिल्याच सेमिस्टरला माझ्या बोलण्याच्या नकला झाल्या, आणि दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत मी इतकं स्वच्छ बोलायला लागलो की नकला करणाऱ्यांपैकी एकानं मला एकांकिकेत घेतलं. तोच आता कोथरूडहून निकाल लावतोय. इथं मंडळाच्या गणपतीत सूत्रसंचालन माझ्याकडे असतं. लोक विचारतात, पुण्याचे का तुम्ही? मी हसतो. नाही म्हणत नाही. आणि खरं सांगायचं तर बरंही वाटतं.

तरीही 'आम्ही अमरावतीकर' म्हणून भांडायला मीच पुढे. पुतण्या तिथं इंजिनिअरिंगला आहे, म्हटलं त्याच्याकडून रसद घ्यावी. तो म्हणाला, "काका, ते तं जुनं झालं. आता आमी दुसरे पोरं ऐकून राहिलो." त्यानं पाचसहा लिंका पाठवल्या. काहींना धड श्रोतेही नाहीत. दोन पोरं तर त्याच्याच कॉलेजातली, कट्ट्यावर भेटणारी. त्यातल्या एका गाण्यातलं निम्मं मला लागलंच नाही. शब्द वऱ्हाडीच होते, पण माझ्यानंतरचे. मी त्याला विचारलं. त्यानं व्हॉइस नोट पाठवून सगळं समजावलं, सावकाश, स्वच्छ प्रमाण मराठीत, पाहुण्यांशी बोलतात तसं.

ग्रुपवर हे अर्थातच लिहिलेलं नाही. तिथं अजून अटलांटाच चाललंय.