पिन आमची, गेट काकूंचं

“सर, लोकेशनवर आलोय.”

हा फोन आला की मी पायात चपला सरकवतो. लोकेशनवर आलेला माणूस आमच्या दारात कधीच नसतो. सदाशिव पेठेत वाडा पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्ही राहतो. नकाशावरची पिन तशी आमच्याच छपरावर टोचलेली आहे, पण ॲप रस्ता दाखवतं मागच्या बोळातून. आणि मागच्या बोळात भिंत आहे. पुरुषभर उंच, वर काचा रोवलेल्या.

भिंतीलगत एक काकू राहतात. डिलिव्हरीवालं पोरगं ताटकळलेलं त्यांना बघवत नाही, म्हणून आमचं पार्सल त्या ठेवून घेतात. आणायला गेलं की आधी चौकशी: “गुरुवारी तुमचा उपास असतो ना हो? मग हा वास कसला?” ॲप पाळत ठेवतं म्हणून लोक फोनचं लोकेशन बंद करतात. काकूंचं कुठून बंद करायचं?

फोनचं कौतुक आहेच. २०,००० किलोमीटर उंचीवरून फिरणारे निदान ४ जीपीएस उपग्रह गाठायचे, त्यांचा संदेश पोचायला किती वेळ लागला ते मोजायचं आणि त्यावरून माझा ठावठिकाणा काढायचा. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका हा संदेश तुमच्याआमच्यासाठी मुद्दाम बिघडवून सोडायची. १०० मीटरपर्यंत इकडचं तिकडे होई. आता मोकळ्या मैदानात काही मीटरांचाच फरक पडतो. पण पेठेत मैदान आणायचं कुठून? संदेश समोरच्या इमारतीवर आपटून उशिरा पोचतो आणि फोन मला खुशाल पलीकडच्या डेंटिस्टच्या खुर्चीत बसवतो.

शेवटी पोरगं विचारतंच, “सर, जवळची खूण सांगा ना.”

“उपाशी विठोबा.”

“काय?”

“उपाशी! उपाशी!”

रात्रीचे साडेनऊ, पोटात कावळे आणि मी खिडकीतून हे ओरडतोय. खालून जाणारे एक आजोबा थांबून वर बघायला लागले. देऊळ मात्र खरंच आहे, आणि कुठलाही पानवाला चुना लावता लावता मान न वळवता ते सांगतो.

परवा सत्यनारायणाला साताऱ्याहून मामा यायचे होते. त्यांनी व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन पाठवलं. पंधरा मिनिटं, एक तास की आठ तास असं तिथे विचारतात. मामांनी आठ निवडले. पुण्याचा अनुभव, दुसरं काय! झालं, पूजा राहिली बाजूला आणि सगळं घर मामांच्या ठिपक्याभोवती जमलं. “कात्रज आलं.” “स्वारगेटला अडकले बहुतेक.” “अहो, लक्ष्मी रोडला कशाला गेले?” गुरुजीही पोथीत बोट ठेवून डोकावून गेले.

तेवढ्यात बेल वाजली. आई मोबाइलवरची नजर न हलवता म्हणाली, “बघ रे कोण आहे. मामा काही एवढ्यात येत नाही.”

दारात मामा. मोबाइल गाडीत, गाडी मुलाकडे आणि मुलगा पार्किंग शोधत लक्ष्मी रोडला. मामा पानवाल्याला विचारून चालत आले होते.

त्यांनी घटाघटा पाणी प्यायलं, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि आमच्यात बसून तेही स्वतःचा ठिपका बघायला लागले.

“वळला बघा गाढव पुन्हा उलटा!”