पंक्चर त्याचं, सॅडलबॅग माझी

लांब पल्ल्याचं सायकलिंग करणाऱ्या प्रत्येक ग्रुपात एकाकडे सगळं सामान असतं, आणि आमच्यातला तो अभागी जीव म्हणजे मी. जादा ट्यूब, टायर लिव्हर, पॅच, सोल्युशन, सँडपेपर, मिनी पंप, शिवाय टायरच चिरला तर आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा. बाकीचे मोबाईल आणि आत्मविश्वास घेऊन येतात. साहजिकच ते हलके म्हणून पुढे आणि मी लादलेला म्हणून मागे. यांच्यापैकी कुणाचं पंक्चर झालं की त्याने फक्त सावली बघून बसायचं, दुकान मागून येतंच आहे!

परवा असंच एक महाशय बसलेले दिसले. "आलास का? किती वेळ रे!" हे वर. पंक्चर अर्थातच मागच्या चाकाचं, कारण वजन जास्त तिकडेच, म्हणजे चेनचं काळं ग्रीस ओघाने आलंच. ट्यूब काढून बघतो तर शेजारी शेजारी दोन भोकं, साप चावल्यासारखी. म्हणजे काटा नाही खिळा नाही, हवा कमी असताना गडी दाणकन खड्ड्यात गेला आणि ट्यूब रिमच्या कडेत चिमटली.

"हवा चेक केली होतीस?"

"दाबून बघितली की अंगठ्याने."

याची सायकल जाड वॉल्वची. माझ्या रिमला बारीक प्रेस्टा वॉल्वचं भोक, जाड त्यात शिरतसुद्धा नाही, तरी मी जाड वॉल्वची एक ट्यूब वागवतो, म्हणजे बघा, स्वतःच्या सायकलला जन्मात न बसणारी वस्तू मी घाट चढवून नेतो. ती दिली. (परत येणार नाही, माहितीये.) मिनी पंपाने टायर नीट टणक करायला दोनेकशे स्ट्रोक सहज लागतात, याने वीसेक मारले आणि अंगठ्याने दाबून म्हणाला, बास झालं की. उरलेले मी मारले.

ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळेत पुरं करायच्या राईडमध्ये (200 किमी साडेतेरा तासांत वगैरे), कंट्रोल, म्हणजे वाटेतले हजेरीचे थांबे, सोडून बाहेरची मदत चालत नाही, पण सोबतच्या रायडरची चालते, इथेच माझा घात होतो. 1913 च्या टूर द फ्रान्स शर्यतीत युजीन क्रिस्तोफ या रायडरचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, तुटला, तो बिचारा सायकल घेऊन चालत गावात गेला, लोहाराच्या भट्टीवर स्वतः फोर्क जोडला, तरी एका पोराने भाता मारला, म्हणजे मदत घेतली, म्हणून दंड म्हणून त्याचा वेळ वाढवला. लोक याला अन्याय म्हणतात. मला तो नियम भयंकर आवडतो.

असो. चाक बसलं, महाशय टांग टाकून निघणार तेवढ्यात त्यांनी आपले दोन्ही हात बघितले, मग माझ्या बॅगेकडे.

"साबण आहे का रे?"

होता. कागदी. दिला.