आंबा म्हणजे होय, फणस म्हणजे नाही

निवृत्तीनंतर तरी निवडणुकीच्या कामातून सुटका होते, असा सरकारी नोकरांमध्ये एक समज आहे. मीही मतदानाचे साहित्य, लाखबंद पाकिटे, केंद्राध्यक्षाची दैनंदिनी आणि परक्या गावातल्या शाळेच्या बाकावर डासांच्या सहवासात काढायची ती आदली रात्र, हे सगळे मागे टाकून वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीत सुपारीचे आगर शिंपत स्वस्थ बसलो होतो. मे महिन्यात मुंबईहून भाऊबंदांची नातवंडे आली, त्यांनी कातळिया नावाचा एक देश स्थापन केला, त्या देशाची संसदीय निवडणूक आणि घटनादुरुस्तीवरील सार्वमत एकाच दिवशी घेण्याचे ठरवले आणि मुख्य निवडणूक आयुक्त म्हणून मला नेमले. नेमणुकीचा आदेश माझ्या उशाखाली सापडला. 'गैरहजर राहिल्यास कारवाई करण्यात येईल' हे वाक्य त्यात होतेच.

कातळिया हा देश मागच्या सड्यापासून, म्हणजे कातळाच्या माळापासून, पुढच्या खळ्यापर्यंत पसरलेला असून त्याचे चलन काजूबी आहे. त्याचे प्रांत चार, म्हणजे आमच्या भाऊबंदकीतली चार घरे. सीमावाद मुलांना कल्पनेने रचावा लागला नाही, कारण त्यांपैकी दोन प्रांतांमधल्या बांधाचा दावा आधीपासूनच खऱ्या कोर्टात पडून आहे. संसदेच्या जागा 7. प्रमुख पक्ष दोन, चाकरमानी आणि गावकरी. तिसरा करवंद पक्ष सहा वर्षांच्या एका मुलीने रुसून काढलेला.

सार्वमताचा प्रश्न मात्र पोरखेळ म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता. केवळ मे महिन्यात आणि गणपतीला उगवणाऱ्यांना कातळियात मताधिकार असावा की नसावा, यावर वाडीतली मुले आणि मुंबईची मुले यांच्यात जुंपली होती. मसुदा करणारा थोरला नातू कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. त्याने लिहिले होते: 'अनिवासी नागरिकांचा मताधिकार रद्द करू नये, या तरतुदीस विरोध नसल्यास "नाही" या रकान्यात शिक्का मारावा.' हे वाक्य मी चष्मा बदलून पुन्हा वाचले. नातू म्हणाला, "आबा, लोकांना कळलं नाही तर ते आहे तेच राहू दे म्हणतात. आम्हाला तेच हवंय." हा मुलगा वकिलीत पुढे जाईल, याविषयी माझ्या मनात शंका उरलेली नाही.

मी त्याला आपल्या देशाचा दाखला दिला. आपल्या घटनेच्या 368 व्या कलमात दुरुस्तीचा अधिकार संसदेला आहे, काही बाबतींत निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते, पण मतदाराला उठून कोणी विचारत नाही. आमच्या तेव्हाच्या राजापूर मतदारसंघाचे खासदार बॅ. नाथ पै यांनी 1967 साली मूलभूत हक्कांसकट घटना दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला परत मिळावा म्हणून खाजगी विधेयक आणले, तेही संसदेच्याच अधिकारासाठी. 1978 साली जनता सरकारने घटनेतल्या काही मूलभूत गोष्टी बदलताना सार्वमत घ्यावे अशी तरतूद आणली, लोकसभेने ती मंजूर केली आणि राज्यसभेने गाळून टाकली. हे सगळे ऐकून घेतल्यावर नातू म्हणाला, "म्हणजे कातळिया भारताच्या पुढे आहे." आणि तो आंघोळीला गेला.

तेव्हा मी गोव्याची वाट धरली. तेरेखोलच्या पलीकडे 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौल झाला, तेव्हा महाराष्ट्रात विलीन व्हायचे असल्यास फूल आणि केंद्रशासित राहायचे असल्यास दोन पाने, अशी चिन्हे होती, आणि दोन पाने 34,021 मतांनी निवडून आली. त्यावरून मी प्रश्न सरळ केला: वर्षभर गावात न राहणाऱ्यांचा मताधिकार काढून घ्यावा काय? होय म्हणणाऱ्याने आंब्यावर शिक्का मारावा, नाही म्हणणाऱ्याने फणसावर.

बोटाच्या शाईवरून मंत्रिमंडळात खल झाला. खरी शाई म्हैसूरला बनते आणि तिच्यातल्या सिल्व्हर नायट्रेटमुळे डाग जात नाही, हे मी सांगताच एका नातवाने काजूच्या टरफलाचे तेल सुचवले. त्याने कातडी भाजून निघते आणि काळा डाग सोलल्याशिवाय जात नाही. म्हणजे निकषात ते पूर्ण बसत होते. मी नकाराधिकार वापरून कोकमाचे आगळ मंजूर केले. परिणामी पहिल्या प्रांतातले अण्णा विहिरीवर बोट धुऊन दुपारी पुन्हा मतदानाला आले आणि आपल्या धाकट्या भावाच्या नावावर मत देऊन गेले. धाकटा भाऊ उगवला तेव्हा मी नियमाप्रमाणे त्याला निविदत्त मतपत्रिका दिली, जी पाकिटात बंद करून ठेवतात आणि मोजत नाहीत. मोजणार नाही हे कळल्यावर त्याने जे भाषण केले, ते बांधाच्या दाव्याशी संबंधित होते.

मतदानकक्ष म्हणून पडवीत साडी टांगली होती आणि मतपेटी म्हणून बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. प्रश्न सोपा केला म्हणजे उत्तर सोपे येते, ही माझी समजूत तिथे पुरती विरली. काकी मतपत्रिका हातात घेऊन गुप्त मतदानाच्या तत्त्वाला न जुमानता मोठ्याने म्हणाल्या, "औंदा आंब्यान घात केल्यान. त्येका मी मत देवचंय नाय." यंदा मोहोर गळाला होता, हे खरेच. त्यांच्या मागून आलेला माझा डोंबिवलीचा पुतण्या हापूसवर जीव टाकणारा. त्याने आंब्यावर शिक्का मारला आणि स्वतःचाच मताधिकार काढून घेण्याच्या बाजूने कौल देऊन तो हसत बाहेर आला. लोक विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत, मनात असलेल्या प्रश्नाचे देतात. केंद्राध्यक्ष असताना हे मला कळण्याचा संभव नव्हता, कारण तेव्हा मतदार निदान कक्षात तरी गप्प असत.

संध्याकाळी डबा उघडला. 31 मतांपैकी आंब्याला 16, फणसाला 14. एका पत्रिकेवर 'पाणंदीचा रस्ता आधी करा' असे लिहिले होते. गावकरी पक्षाने फटाका लावला. तोवर थोरल्या नातवाने घटनेचे कलम काढले: ऑस्ट्रेलियाप्रमाणे कातळियातही मतदारांचे बहुमत आणि प्रांतांचेही बहुमत लागते. तिथे 1977 साली एका प्रश्नावर 62 टक्के लोकांनी होय म्हटले, तरी सहापैकी तीनच राज्यांचा होकार आल्यामुळे तो पडला. आमचे चार प्रांत दोनास दोन असे विभागले होते. कोणते दोन कुठे, हे बांधाचा नकाशा पाहिलेल्या कोणालाही आधीच सांगता आले असते. दुरुस्ती नामंजूर झाली.

संसदेच्या जागा प्रत्येक पक्षाच्या मतांना एक, दोन, तीन असे भागत मोठ्या भागाकारांप्रमाणे वाटायच्या होत्या. चाकरमानी 14, गावकरी 11, करवंद 5 आणि एक बाद. भागाकार केले तेव्हा जागा आल्या तीन, तीन आणि एक.

सत्तेची किल्ली अशा रीतीने सहा वर्षांच्या मुलीकडे गेली. दोन्ही पक्षांचे नेते तिच्यासाठी करवंदांचे द्रोण घेऊन सड्यावरून धावत आले. तिने दोन्ही द्रोण संपवले, चाकरमान्यांना पाठिंबा दिला आणि बदल्यात अर्थखाते मागून घेतले. शपथविधीनंतर तिने राष्ट्रीय खजिन्याची टोपली उचलून काकींच्या चुलीपाशी नेली आणि सगळा खजिना भाजून घेतला. मानधन म्हणून मला मूठभर काजूगर मिळाले. त्यांतले दोन खवट होते, आणि तक्रार कोणाकडे करायची याची तरतूद घटनेत नव्हती.