सर्जा पाटील यांना कर्ज मंजूर

बेळगावच्या खडेबाजारात बनियन घ्यायला गेलो तर काउंटरवरचा पोरगा मापाआधी मोबाईल नंबर विचारतो. "नंबर घातल्याशिवाय बिल निघत नाही की हो!" शेजारची बाई आपला नंबर अख्ख्या दुकानाला पाठ होईल असा खणखणीत सांगत असते. मग आपणही सांगतो.

त्यानंतर फोन. पुण्याच्या फ्लॅटवाल्याच्या लेखी मी महाराष्ट्रातला, हुबळीच्या प्लॉटवाल्याच्या लेखी कर्नाटकातला. सीमाप्रश्नाचं घोंगडं 1956 पासून भिजत पडलंय, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. नंबरांची यादी विकणाऱ्याने मात्र मला दोन्हीकडे विकून विषय मिटवला. आणि मिठाईवाल्याने कुंदा विकला की डबा तरी रिकामा होतो. ही यादी विकून पुन्हा विकणाऱ्याकडे शिल्लकच!

परवा एका बाईंनी गाडीच्या विम्याची मुदत कधी संपते ते सांगितलं. गाडीचा नंबर बरोबर, तारीख बरोबर. बायको म्हणाली, "तुम्हाला तरी ठाऊक होती का?" गोम इथंच आहे. चार गोष्टी बिनचूक सांगितल्या की परका माणूस घरातला वाटायला लागतो, आणि घरातल्याला ओटीपी सांगायला कोण लाजतं? मग लोक सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 फिरवत बसतात.

लोकांची खासगी माहिती जपायचा कायदा झालाय, 2023 साली. दंड थेट 250 कोटींपर्यंत. नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये, आणि मुख्य कलमं लागू व्हायला त्यापुढे आणखी 18 महिने. तोवर 1909 वर डीएनडी, म्हणजे जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद, करून ठेवा म्हणतात. केलं. नियम पाळणाऱ्यांचे फोन थांबले, बाकीच्यांना मैदान मोकळं मिळालं.

शेवटी, यादी फुटते कुठून ते बघावं म्हणून पेट्रोल पंपावरच्या लकी ड्रॉच्या कुपनावर सासरवाडीच्या बैलाचं नाव लिहिलं: सर्जा पाटील, मु. पो. खानापूर. नंबर माझा. आठवडाही झाला नाही, तोच फोन, कन्नडमधून.

"सर्जा पाटील सर अदारेन्री?"

"गोठ्यात आहेत."

माझं मराठी ऐकून पोरगीही मराठीवर आली. "सरांना पाच लाखांचं लोन मंजूर झालंय. कधी बोलतील?"

"बोलत नाहीत फारसे."

"उत्पन्न किती त्यांचं?"

"दिवसाला दोन पेंढ्या वैरण."

पलीकडे कीबोर्डचा खडखडाट. "नोकरी लिहू की स्वतःचा व्यवसाय?"