कुसुमाग्रजांना कुणी पुढे आणलं होतं? खांडेकरांनी.

कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, २७ फेब्रुवारी जवळ आला की नाशिकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो माझ्याकडे वाचनवाल्या मंडळींकडून आला, कॉलेजच्या मित्रांकडून आला आणि सोसायटीच्या ग्रुपवरही आला, पाण्याच्या टँकरच्या निरोपाखाली. आशय असा : अस्सल लेखन आपला वाचक आपणच शोधतं. नवोदितांचं दुर्लक्षित लिखाण मुद्दाम लोकांपुढे ठेवणं ही एक प्रकारची भीक आहे. ज्याला वाचक मिळाले नाहीत, त्याला वाचकांनी नाकारलेलं असतं. हल्ली प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, अडवतंय कोण? असे उपक्रम करणारे शेवटी आपल्याच कंपूतल्यांना पुढे करतात, आणि आयत्या कौतुकामुळे दर्जा घसरतो. शेवटची ओळ ठळक अक्षरांत : कुसुमाग्रजांना कुणी पुढे आणलं होतं?

या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करू. तो प्रश्न विचारणाऱ्याला वाटतंय की त्याला उत्तर नाही. उत्तर आहे, आणि निदान नाशिककरांना तरी ते माहीत असायला हवं.

‘विशाखा’, कुसुमाग्रजांचा कवितासंग्रह, १९४२ साली आली. ती काढली वि. स. खांडेकरांनी, पदरचे पैसे घालून. प्रस्तावनाही त्यांनीच लिहिली. खांडेकर तेव्हा मराठीतले आघाडीचे कादंबरीकार होते आणि शिरवाडकर, म्हणजेच कुसुमाग्रज, तिशीचे. शिरवाडकर काही त्या वर्षी अचानक लिहायला लागले नव्हते. ‘जीवनलहरी’ हा त्यांचा संग्रह १९३३ सालीच आला होता. १९३६ च्या सुमारास ते इथेच, नाशिकच्या गोदावरी सिनेटोनमध्ये पटकथा लिहीत होते. पुढे वृत्तपत्रं आणि साप्ताहिकांतल्या नोकऱ्या. ‘विशाखा’तल्या कितीतरी कविता तिसाच्या दशकातल्याच आहेत. म्हणजे कवी होता, कविताही होत्या. त्या सगळ्या एका ठिकाणी बांधून ‘हे वाचा’ असं वजनानं सांगणारा माणूस यायचा होता. खांडेकरांनी शिरवाडकरांना भीक घातली, असं म्हणायची मेसेजवाल्याची तयारी आहे का? पुढे खांडेकरांना १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं आणि कुसुमाग्रजांना १९८७ चं.

यावर लगेच येणारं उत्तर मला ठाऊक आहे : ‘कवितेत दम होता म्हणून टिकली.’ अगदी बरोबर. दम नसता तर दहा प्रस्तावनांनीही ती टिकली नसती. पण पुढे आणणाऱ्यानं टिकवायचं असतं असं म्हटलंय कोणी? त्याचं काम पहिल्या वाचनापुरतं. पुढचं लेखनानं बघायचं. मेसेजनं या दोन गोष्टी एकात कालवल्या आहेत, आणि त्याचा सगळा डोलारा त्या कालवण्यावर उभा आहे.

बहिणाबाईंचं उदाहरण तर याहून सरळ. जगभराच्या कुठल्याही भाषेत शोभेल अशी कविता आसोद्याच्या या बाईनं जात्यावर आणि शेतात रचली. तिला लिहिता येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी, आणि मावसभावानं ती टिपून ठेवली. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या. सोपानदेव स्वतः नाव असलेले कवी, तरी वही घरातच होती. ती आचार्य अत्र्यांच्या हाती पडली, हे लपवून ठेवणं गुन्हा आहे असं अत्रे त्यांच्या पद्धतीनं कडाडले, आणि १९५२ साली पुस्तक आलं. अस्सल लेखन आपला वाचक आपणच शोधतं म्हणता ना? मग या लेखनाला बाई जिवंत असेपर्यंत तो का सापडला नाही? आणि ज्यांच्या वह्या कोणा अत्र्यांपर्यंत पोचल्याच नाहीत, त्यांची उदाहरणं कोण देणार? ती नावं आपल्याला माहीत नसतात. म्हणूनच ‘चांगलं ते वर येतंच’ हे वाक्य कायम खरं वाटतं. वर न आलेलं कोणी मोजत नाही.

आता ‘कमी वाचलं गेलं म्हणजे नाकारलं गेलं’.

नाकारायला आधी वाचावं लागतं. वाचनालयात पुस्तक बदलायला गेलेला माणूस काय करतो ते कधी उभं राहून बघा. आमच्या सार्वजनिक वाचनालयाचा, म्हणजे ‘सावाना’चा, इतिहास १८४० पासूनचा, इतक्या पिढ्यांचा संग्रह आत आहे. पण माणूस आधी काउंटरवरची, आत्ताच कोणीतरी परत केलेली पुस्तकं चाळतो. कोणीतरी नेलं होतं, म्हणजे बरं असणार. मीही हेच करतो. यात वाईट काही नाही, वेळ वाचतो. पण यामुळे एकदा बाहेर गेलेलं पुस्तक पुन्हा पुन्हा बाहेर जातं, आणि आतल्या रॅकवर कोपऱ्यात असलेल्या पुस्तकाला कोणी ‘नाकारलेलं’ नसतं. त्याच्यापर्यंत कोणी गेलेलंच नसतं.

मोबाइलच्या पडद्यावर हीच सवय शंभरपट होते, कारण तिथे काउंटर यंत्र लावतं. ज्यावर आधी बोटं पडली ते वर, वर आहे म्हणून आणखी बोटं पडतात.

हे कोणी मोजून पाहिलंय का? पाहिलंय. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातल्या मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी केलेला प्रयोग २००६ साली ‘सायन्स’मध्ये छापून आला. फारशा माहीत नसलेल्या बँडांची ४८ गाणी त्यांनी इंटरनेटवर ठेवली आणि चौदा हजारांहून जास्त लोकांना ऐकायला दिली. काही जणांना फक्त गाणी दिसत होती. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत विभागलं होतं आणि आपल्या गटातल्या किती जणांनी कुठलं गाणं उतरवून घेतलं, तो आकडाही त्यांना दिसत होता. गाणी तीच. तरी आठ गटांत आठ वेगळ्या क्रमवाऱ्या झाल्या. आकडे न बघता ऐकणाऱ्यांनी सव्विसाव्या जागी ठेवलेलं एक गाणं एका गटात पहिलं आलं, दुसऱ्या गटात चाळिसावं. सुरुवातीला कोणा चार जणांना ते आवडलं की नाही, यावर पुढचं सगळं ठरलं.

याच प्रयोगातली दुसरी गोष्ट माझ्या सोयीची नाही, पण सांगायला हवी. सर्वांत चांगली गाणी क्वचितच तळाला गेली आणि सर्वांत वाईट क्वचितच वर आली. म्हणजे मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. लोकांना कळत नाही, असं अजिबात नाही. पण अगदी चांगलं आणि अगदी टाकाऊ यांच्या मधे जो मोठा पट्टा उरतो, त्यात काहीही होऊ शकत होतं. नव्या माणसाचं पहिलं-दुसरं लेखन बहुतेक याच पट्ट्यात असतं. पहिल्याच झटक्यात शिखर गाठणारे अपवाद. बाकीचे लिहीत लिहीत, कोणीतरी वाचतंय या भरवशावर पुढे जातात.

मोबाइलचा मुद्दा लवकर आटपतो. दार उघडं आहे हे खरं, आणि तीच अडचण आहे; उघड्या दारातून सगळेच आत आले. पूर्वी छापून यायचं अवघड होतं, आता छापून येणं सोपं आणि दिसणं अवघड. शिवाय दिसलं तरी नावासकट दिसेल याची खात्री नाही. सिन्नरच्या एखाद्या पोरानं लिहिलेली चार कडवी चांगली असली, तर ती तिसऱ्या फॉरवर्डला निनावी होतात आणि दहाव्याला खाली ‘– कुसुमाग्रज’ किंवा ‘– पु. ल.’ येतं. लेखनाला वाचक मिळाला, लेखकाला मिळाला नाही. शोधत येणारा वाचक आता येणार कोणाकडे? आणि हो, ज्या मेसेजचा मी इथे प्रतिवाद करतोय, त्याच्याखालीही लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. तो माझ्यापर्यंत स्वतःच्या दमावर चालत आलेला नाही. तीन भल्या माणसांनी ‘नक्की वाचा’ म्हणून पुढे ढकलला होता.

कंपूचा आरोप मात्र मी झटकून टाकणार नाही. सगळ्या मेसेजमध्ये जीव आहे तो या एका वाक्यात. निवडणारा आला की त्याची आवड आली, मित्र आले, त्याला न दिसणारी माणसंही आली. मराठीत याचा इतिहास आहे. ‘सत्यकथा’ मासिकानं कितीतरी नव्या लेखकांना घडवलं, आणि त्याच ‘सत्यकथे’च्या चौकटीत आपल्याला जागा नाही असं वाटणाऱ्या तरुणांनी १९६९ साली तिचा अंक जाळला. राजा ढाले त्यात पुढे होते. पण जाळण्यापलीकडे त्या पिढीनं काय केलं ते मेसेजवाला सांगत नाही. ‘आता कोणी कोणाला निवडू नका’ असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी आपली अनियतकालिकं, म्हणजे जमेल तेव्हा निघणारी छोटी मासिकं, काढली, सायक्लोस्टाइल करून वाटली. निवडणारे वाढवले.

सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांचंही असंच. त्यांची गाणी गायनपार्ट्यांनी गावोगाव नेली, माणसं रात्र रात्र बसून ऐकायची. प्रतिष्ठित मासिकांची वाट ती बघत बसली नाहीत. मात्र तिथेही ‘आपोआप’ काही झालं नाही. गाणाऱ्या गळ्यांनी ती उचलली, तेव्हा पोचली. लेखन आणि वाचक यांच्यामधे कोणाचा ना कोणाचा हात असतोच. तो आकड्यांवर चालणाऱ्या यंत्राचा असावा की वाचून बोलणाऱ्या माणसाचा, एवढंच आपण ठरवू शकतो.

माणसाचा हात हवा असेल, तर त्याला काही पथ्यं लागतात. आम्ही काही जण गंगापूर रोडला एकाच्या घरी महिन्यातून एकदा जमतो आणि नवीन, फारसं कोणी न वाचलेलं लेखन मोठ्यानं वाचतो. भांडणं होतच आली आहेत, त्यातून काही नियम पडले. लेखकाचं नाव वाचन संपेपर्यंत सांगायचं नाही. स्वतःचं आणायचं नाही. घरच्यांचं, ज्याच्याशी चहा होतो त्याचंही नाही. निवडणारा दर महिन्याला बदलतो. ‘छान आहे’ चालत नाही. कुठल्या ओळीला थांबलास ते सांगायचं. नंतर ते इतरांना पाठवायचं झालं तर आधी लेखकाला विचारायचं आणि नावासकट, पूर्ण पाठवायचं. एवढ्यानं कंपू होत नाही असा माझा दावा नाही. आमच्यातल्या एका काकांना ग्रामीण कथाच आवडतात आणि त्यांच्या महिन्यात बैलाशिवाय काही येत नाही. पण पुढच्या महिन्यात निवडणारी दुसरीच असते आणि ती बँकेत नोकरी करणाऱ्या मुलीचं दैनंदिनीवजा काहीतरी घेऊन येते. काका तोंड वाकडं करून ऐकतात. ऐकतात, हे महत्त्वाचं.

संमेलनांतल्या कविकट्ट्याशी मात्र याची गल्लत नको. तिथे माइक सगळ्यांना मिळतो, आणि समोर बसलेले बहुतेक आपला नंबर कधी येतो याची वाट पाहणारे कवीच असतात. मेसेजवाल्याचा राग त्या प्रकारावर असेल, तर मी त्याच्या बाजूला बसायला तयार आहे.

राहता राहिला दर्जा. आयतं कौतुक वाईटच. पण लक्षपूर्वक वाचलं जाणं आणि कौतुक यांत फरक आहे. ‘सत्यकथे’च्या राम पटवर्धनांसारखे संपादक नवोदितांना पत्रं लिहायचे, ती काही शाबासकीची पत्रं नव्हती; पुन्हा लिहा, इथे कथा सुटली आहे, असं सांगणारी होती. त्यानं दर्जा घसरला की वाढला? आणि इथे नाशिकमध्येच, यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातलं कुसुमाग्रज अध्यासन नव्या कवींच्या पहिल्या संग्रहांना पुरस्कार देतं. त्या पुरस्काराचं नाव ‘विशाखा’ आहे. तो मिळाल्यावर कवी बिघडतात असं कोणाचं म्हणणं असेल, तर कवीचं नाव घेऊन आणि कविता पुढ्यात ठेवून सांगावं.

आमच्या पुढच्या बैठकीचा निवडणारा अजून ठरायचा आहे. तुम्ही अलीकडे नव्या माणसाचं काही वाचलं असेल आणि ते तुमच्याशिवाय फारसं कोणी वाचलेलं नाही असं वाटत असेल, तर ज्यानं हा मजकूर तुम्हाला पाठवला त्याच्याकडेच द्या, फिरत फिरत येईल आमच्यापर्यंत. तुमचं स्वतःचं नको, दुसऱ्याचं. आणि लिहिणाऱ्याचं नाव वर घाला. खाली घातलेलं वाटेत गळतं.